ओला थर

“शेटजींपुढे तुम्ही खोटं का बोललात, मावशी?” एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूवर असा आवाज चढवून भांडत होती, आणि भांडता भांडता स्वतःची लुगडी गाठोड्यात कोंबत होती. “मृदंग मी केला होता. मध्ये पडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

ती वृद्धा मृदंग घडवणारी. पंचक्रोशीत तिच्या वाद्याला जोड नव्हती. सकाळी जे घडले, ते असे. एका व्यापाऱ्याने देऊळ बांधले आणि पहिल्या पूजेसाठी तिच्याकडे मृदंग सांगितला. शिष्येने हट्ट धरला, की हा मी एकटी करणार, तुम्ही बोटसुद्धा लावायचे नाही. मृदंगाच्या तोंडावरची काळी शाई लोखंडाची पूड आणि भात एकत्र मळून करतात. तिचा एक थर दगडाने घोटायचा, पुरता वाळू द्यायचा, मगच दुसरा चढवायचा. शिष्येला तेवढा धीर कुठला? तिने मृदंग चुलीच्या उबेला धरून थर वरवर सुकवले. आतून ते ओलेच राहिले, आणि भरल्या देवळात वादकाच्या बोटांखाली शाईचे टवके उडाले.

“कुणाच्या हातचं हे?” व्यापाऱ्याने विचारले. शिष्या खांबाआड सरकली. तेवढ्यात वृद्धा पुढे झाली. “माझ्या.”

“मग आता घरी बसा, आजीबाई,” व्यापारी म्हणाला. लोक हसले. तिने हात जोडले. आणि शिष्या खांबाआड उभी राहून आपल्या पायांची बोटे पाहत राहिली. तेच आता तिला आतून जाळत होते. आवाज चढला होता तो त्यापायी.

“खोटं कुठे बोलले?” वृद्धा म्हणाली. “वाद्य दाराबाहेर जाण्याआधी वाजवून पाहणं हे माझं काम. तू रुसशील म्हणून मी पाहिलं नाही. एवढे केस पिकले आणि तुझ्या रुसव्याला भ्याले. मला लाज नाही वाटत होय?”

“पण मला बोलू द्यायचं होतं. मी कबूल केलं असतं.”

“केलं असतंस?”

शिष्येचे हात थांबले. मग ती म्हणाली, “नसतं केलं. म्हणून तर जाते. तुमच्याकडे कोणत्या तोंडानं पाहू?”

“माझ्याकडे कशाला पाहतेस? शाईकडे पाहा. लोक पांगल्यावर मी शेटजींना विनवलं, आठ दिवसांत नवी चढवून देते म्हणून, आणि ते हो म्हणाले. चढवायची तू. वाजवून मी पाहीन, आणि या खेपेला रुसलीस तरी पाहीन.”

“तेव्हा मी त्यांना खरं सांगेन.”

“सांग की. मृदंग नीट वाजला, की भर देवळात सांग. आज सांगितलं असतंस, तर तुझ्या हातचं वाद्य पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.”

“नसतं केलं तर नसतं. माझी तीच लायकी आहे,” शिष्या म्हणाली आणि गाठोडे उचलून उंबऱ्याकडे वळली.

वृद्धा उठली नाही, की तिला अडवायलाही गेली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “माझ्या पहिल्या मृदंगाची शाई अशीच चारचौघांत उडाली, तेव्हा पुढे उभं राहायला माझं कुणी नव्हतं, आणि लाजेपायी सात वर्षं मी शाईला हात लावला नाही, तुझी ती सात वर्षं वाचावीत म्हणून आज हात जोडले, पोरी, आता ती वर्षं उंबऱ्याबाहेर टाकून जाऊ नकोस.”