लोखंडी दरवाजाचं गुपित

किल्लेदार रंगरावांनी खजिन्यातून पैसे लोखंडी दरवाजाचे घेतले आणि बसवला लाकडी, वर काळा रंग फासून. दिसायला अगदी भारदस्त! सटवाजी लोहाराने हे भर बाजारात ओरडून सांगितलं. रंगरावांनी त्याच्या मुसक्या बांधून त्याला राजापुढे उभं केलं.

"महाराज, हा हेर! किल्ल्याचं गुपित फोडलं यानं. कडेलोटच करा."

राजाने विचारलं, "काय रे, शत्रूच्या कानावर गेलं म्हणजे?"

"जाईल की, महाराज. तेव्हा दरवाजा आजच बदला," सटवाजी शांतपणे म्हणाला. "मी हेर असतो, तर शत्रू चालून येईपर्यंत ब्रही काढला नसता. किल्लेदारसाहेबांइतकंच जपलं असतं हे गुपित."

राजाने कडेलोटाची शिक्षा कायम ठेवली. माणूस तेवढा बदलला.