टिकलीची साय

खूप खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा समुद्रात एक मासासुद्धा नव्हता!

समुद्राच्या पार तळाशी मऊ मऊ साय होती. दुधावर असते ना, तशी. त्या सायीवर राहायची टिकली. इवलीशी, गोल, चपटी. ती पोटानेच जेवायची. सायीवर पसरली, की झालं जेवण!

एक दिवस काय झालं? भुस्स! वाळू घसरली. टिकलीची साय वाळूखाली गेली.

टिकलीला लागली भूक. ती निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वाटेत भेटला वळवळकाका, वाळूत बिळं करणारा किडा.

"काका, काका, वाळू उकर ना! साय मला मिळेना!"

"छे गं! धाप लागलीय मला. पाणी बघ किती गढूळ! स्पंजआत्या पाणी गाळेल, तर मी उकरीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"आत्या, आत्या, पाणी गाळ ना! काका उकरेना, साय मला मिळेना!"

"रिकाम्या पोटी? मी नाही जा! झोतदादा खाऊ आणेल, तर मी गाळीन."

झोतदादा म्हणजे पाण्याचा झोत. खडकामागे पेंगत होता.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"दादा, दादा, ये ना! आत्या गाळेना, काका उकरेना, साय मला मिळेना!"

"येऊ कुठून? मध्येच डोलामावशी उभी! ती डोलेल, तर मी येईन."

डोलामावशी उंच, पिसासारखी. एकच पाय, तोही वाळूत रोवलेला.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"मावशी, मावशी, डोल ना! दादा येईना, आत्या गाळेना, काका उकरेना, साय मला मिळेना!"

"हळू गं बाई! पायाशी माझी पिल्लं बघ. दाटीवाटीने बसलीत. डोलले तर चिरडतील ना! ती सरकतील, तर मी डोलीन."

"पिल्लांनो, पिल्लांनो, सरका ना! मावशी डोलेना, दादा येईना, आत्या गाळेना, काका उकरेना, साय मला मिळेना!"

"कुठे सरकू? तिकडे कोणीच नाही!"

खरंच. तिकडे नुसता काळा काळा तळ. लांबच लांब. तिकडे कधी कोणी गेलंच नव्हतं. टिकलीलाही भीती वाटली. पण पोटात झाली गुडगुड!

"कोणी नाही? मग आपण जाऊ! बसा माझ्या पाठीवर."

कोणी हलेना. मग सगळ्यात छोटं पिल्लू चढलं. टुपुक!

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली टिकली लांब. पिल्लू उतरलं. पाय रोवला. हळूच हललं.

"अरे! इथे तर डोलता येतं!"

"मला ने! मला ने!" टुपुक! टुपुक! टुपुक! कोणी उतरलं इथे, कोणी तिथे, कोणी पार पलीकडे.

मग काय!

पिल्लं सरकली, मावशी डोलली. झुलुक झुलुक!

मावशी डोलली, दादा आला. सूंऽऽ!

दादाने खाऊ आणला, आत्याने पाणी गाळलं. गुळगुळ गुळगुळ!

आत्याने पाणी गाळलं, काकाने वाळू उकरली. खरप खरप!

आणि वाळूखाली काय? साय!

टिकली सायीवर पसरली.

लांबून, अगदी लांबून हाक आली, "टिकलीऽऽ, मिळाली का गं साय?"

"मिळालीऽऽ!"

आता काळ्या तळावर इकडे कोणी, तिकडे कोणी. सगळीकडे झुलुक झुलुक.

टिकलीचं पोट झालं टुम्म. तुझं झालं का रे?