दगडी माडीचं वय

"दसऱ्याच्या आत दगडी माडीचं वय आमच्या राजवाड्यापेक्षा कमी झालं पाहिजे!" नागझरी संस्थानच्या उदाजीराव सरकारांनी हुकूम सोडला.

"अगदी वाजवी, सरकार!" दिवाणजी म्हणाले.

दगडी माडी म्हणजे भर पेठेतली दुमजली इमारत. खाली दुकानं, वर मालाच्या खोल्या. सरकारांच्या पणजोबांच्याही आधीची. तिचा गुन्हा एवढाच, की शेजारच्या संस्थानचे राजे पाहुणे आले, सरकारांनी हौसेनं बांधलेला नवाकोरा राजवाडा त्यांनी जांभया देत पाहिला, आणि पेठेत मात्र हत्ती थांबवून माडीच्या कोरीव खांबांकडे बघत म्हणाले, "वा! तुमच्या गावात थोरली ही!"

थोरली! सरकारांना त्या दिवशी श्रीखंडही गोड लागलं नाही.

हुकुमाला शेपूटही होतं. माडी पूर्वजांची, तेव्हा तिचा एक दगड हलवायचा नाही. आणि वय कमी झालं नाही, तर सगळ्या दुकानदारांनी बाडबिस्तारा उचलायचा.

पेठ हवालदिल झाली. कापडवाले बाबाशेट म्हणाले, "चांगला पांढरा हात मारू. नवी दिसेल."

"म्हणजे सरकारांनाच चुना लावायचा?" चिमाक्का कासारीण म्हणाली. माडीच्या कोपऱ्यात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. "येऊ द्या त्यांना. मी बोलते."

"तू?"

"राणीसाहेबांच्या हातात एकदाही 'आई गं' न ऐकता बांगड्या चढवते मी! सरकार त्याहून काय अवघड?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरकार हत्तीवर बसून लवाजम्यासह पेठेत आले.

"झालं का वय कमी?"

"आपल्यासाठीच खोळंबलंय, सरकार," चिमाक्का म्हणाली. "माडीला दत्तक घ्या. आज दत्तक घेतली की आज जन्मली. राजवाडा आपोआप थोरला!"

"वेड लागलंय का? पणजोबांच्या आधीची इमारत आज जन्मली म्हणतेस?"

"माफी असावी, सरकार. आपण दत्तक आलात तेव्हा चांगल्या पिळदार मिशा होत्या आपल्याला. पण दवंडी काय पिटली? 'थोरल्या सरकारांना पुत्ररत्न झालं!' आम्ही पेढे खाल्ले. मिशांचं कुणी विचारलंसुद्धा नाही!"

बाबाशेट कापडाच्या ठाणांमागे दडून बसले. सरकारांचा हात नकळत मिशीकडे गेला.

दिवाणजी पुढे सरसावले. "सरकार, दत्तक मांडीवर घ्यावं लागतं! ही मांडीवर कशी मावणार?"

"लेक अंगानं जरा दणकट आहे," चिमाक्का म्हणाली. "सरकारांनीच तिच्या ओट्यावर टेकावं. कोण कुणाच्या मांडीवर, हे बापलेकीत कशाला मोजायचं?"

सरकार हत्तीवरून उतरले आणि ओट्यावर बसले. गावानं टाळ्या वाजवल्या. दिवाणजी म्हणाले, "अगदी वाजवी!"

"आता एकच," चिमाक्का हात जोडून म्हणाली. "लेकीचं छप्पर गळतंय. राजाची लेक ती! पावसात भिजली तर लोक बापालाच नावं ठेवतील."

सरकार असे हसले, की फेटा सुटून खांद्यावर आला.

"दिवाणजी, छप्पर नवं घाला! आणि हिला भरजरी लुगडं द्या. लेक आमची, तर आत्याचा मान हिचाच!"