बयजेचा चर

पुलावर उभं राहून खाली पाहिलंत, तर कोरड्या नदीत हातभर रुंदीची एक सारवलेली वाट दिसेल. वरच्या खळग्यापासून निघते आणि वळणं घेत खालच्या डोहात उतरते. गारवडीत नवा माणूस आला की पहिलं तेच विचारतो, आणि पुलाच्या तोंडाशी दुकान माझं, तेव्हा उत्तर द्यायचं माझ्याच वाट्याला येतं. बसा, चहा येतोय. ती वाट माणसांची नव्हे, माशांची आहे.

आमची कानवती बारमाही नाही. हिवाळा सरता सरता ती तुटते. धार आटते आणि मागे सुटी सुटी डबकी राहतात. पावसाळ्यात जन्मलेली माशांची पिल्लं त्यांत अडकतात. ऊन चढलं की पाणी त्यांच्या पाठीखाली उतरतं, आणि पुढचं काम बगळे करतात.

फार पूर्वी इथे पूल नव्हता, भोयांची होडी होती, असं सांगतात. एका वर्षी पाऊस कमी झाला, होडीला पाणी राहिलं नाही, आणि सगळा भोईवाडा बिऱ्हाडं उचलून मोठ्या नदीकडे गेला. मागे राहिली एकटी बयजा. नवरा वारलेला, लेक लांब दिलेली. लेक माहेरपणाला आली तर ओसाड काठ पाहून परत फिरेल, म्हणून म्हातारी हलली नाही. लेक काही आली नाही.

झोपडीसमोरच्या खळग्यात बोटाएवढी पिल्लं होती. भाकरी थापून उरलेलं पीठ बयजा त्यांना टाकी आणि बोलत बसे. "आलात का रं मेल्यांनो?" म्हटलं की ती काठाशी गोळा होत, म्हणे. मी व्यापारी माणूस, गिऱ्हाईक कशाला येतं ते मला कळतं. मासे पिठालाच येत असणार. पण तिच्याशी बोलायला दुसरं होतं कोण?

खळगा आटू लागला, तशी ती डोहाचं पाणी घागरीने आणून त्यात ओतू लागली. ओतलेलं सगळं वाळू पिऊन टाकी. पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली.

तिथून एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. तो हसला. "आजे, डोह उचलून माशांपाशी आणतीस व्हय? त्यापरीस मासंच डोहात सोड की!"

"सोडते. आन् मग बोलू कुनासंगं? तुझ्या मेंढरांसंगं?"

"बोल की. मी तर रोजच बोलतो," तो म्हणाला. मग खळग्यात डोकावला आणि त्याचं हसू मावळलं. "ह्यांचं काय खरं न्हाई, आजे."

तो गेला. दुसऱ्या सकाळी एक पिल्लू पांढरं पोट वर करून तरंगत होतं. बयजेने ते ओंजळीत घेतलं, बराच वेळ धरून बसली, आणि मग बाकीच्यांना घागरीत घ्यायला गेली, पण ती बुजून दगडांखाली शिरली; म्हणून नवऱ्याचं वल्हं काढून डोहाच्या दिशेने वाळू उकरू लागली. चरात ओतून पाहिलेलं पहिलं पाणी वाळूतच जिरलं. तिने डोहाकाठचा गाळ आणला आणि भिंत सारवावी तसा चर सारवला. मग खळग्याचा काठ फोडला. पाणी धावलं, पण पिल्लं जाईनात. तिच्या पायांशीच घोटाळत राहिली, आणि खळगा तर रिता होत चाललेला.

तेव्हा ती स्वतः चरात उतरली. पीठ सोडत, बोलत, डोहाकडे निघाली. लेकीच्या पाळण्यापासूनचं सगळं तिने सांगितलं म्हणतात. पिल्लं मागोमाग आली. डोहाशी पोचल्यावर ती गप्प झाली. थोडा वेळ पिल्लं तिच्याभोवती फिरली, मग खोल पाण्यात पांगली.

काहीजण सांगतात, बयजा तिथेच डोहात नाहीशी झाली. आमच्या गावात तसं सांगत नाहीत. ती परत आली आणि रिकाम्या खळग्याशी बसली. धनगराने टेकाडावरून हे पाहिलं. खाली यावं असं त्याला वाटलं, पण तो आला नाही. पुढे पाऊस पडला, भोई परतले, मासे डोहातून वर चढले. बयजा मात्र पुन्हा कुणाशी बोलली नाही, म्हणे. तिचं सगळं सांगून झालं होतं.

आजही नदी तुटली की अख्खं गाव चर खणतं, बाया तो सारवतात. मग घरात एकट्याने राहणाऱ्या माणसाच्या हाती पिठाची परात देतात आणि बाकीचे काठावर पाठ फिरवून उभे राहतात. तो माणूस बोलत बोलत चरातून जातो. काय बोलला, ते कुणी विचारायचं नाही. परवा आमच्या अनसूयाकाकू उतरल्या होत्या. डोह इथून धोंडा फेकला तर पोचेल एवढ्यावर. पण काकू पोचल्या तेव्हा आमच्या सावल्या लांबत जाऊन पार रस्त्याला लागल्या होत्या. कुणी मागे वळून पाहिलं नाही.