मंद आचेचा हुकूम

काळ्या डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठच्या एका गावात एक भट्टीवाली राहत होती. डोंगरातला दगडी कोळसा मडक्यात भरायचा, तोंड चिखलाने लिंपायचं आणि खालून जाळ घालायचा, हा तिचा पिढीजात धंदा. मडक्याच्या नळीतून धूर निघे आणि घागरीत गार होऊन त्याचं डांबर होई. मडक्यात उरे तो भाजका कोळसा. डांबर नावाड्यांचं, भाजका कोळसा लोहारांचा.

एके वर्षी राजाच्या कारभाऱ्याने दवंडी पिटवून हुकूम काढला: "यापुढे प्रत्येक मडकं मंद आचेवर दोन दिवस भाजावं. जाळ मोठा केला तर भट्टी जप्त." लोहारांनी मंद आचेच्या कोळशाची तारीफ केली होती, तेवढं त्याला पुरलं. भट्टीवर तो एकदाही आला नव्हता. यात डांबर मार खाणार हे भट्टीवालीला ठाऊक होतं. पण दवंडीवाल्याशी काय वाद घालायचा, म्हणून तिने नुसती मान डोलावली.

नदीला पाणी चढायचे दिवस जवळ आले. नावाडी घागरी घेऊन आले आणि अर्ध्याच भरून परत जाऊ लागले.

"मावशी, होडीची भोकं काय थुंकीने बुजवू?" एका नावाड्याने विचारलं. ती ओशाळली.

गाऱ्हाणं दरबारात गेलं. आता कारभारी भट्टीवर आला, तो शिपाई घेऊनच.

"कोळसा तेवढाच, डांबर निम्मं. उरलेलं तू चोरलंस," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून पुढे बोलला, "कबूल कर, भट्टी तुझीच ठेवतो. नाहीतर उद्या इथे गाढवाचा नांगर फिरेल."

भट्टीवालीने धुराने काळवंडलेल्या भिंतीकडे पाहिलं. कबूल केलं तर भट्टी वाचत होती. पण सासूने विश्वासाने हाती दिलेली भट्टी चोर म्हणवून घेत चालवायची?

"न केलेली चोरी कबूल करायला माझी जीभ वळत नाही," ती म्हणाली. "महाराजांना इथे बोलवा. ढीग एक, मडकी दोन, आणि जाळही दोन. मोठ्या जाळासाठी भट्टी जप्त करायची तर मग करा."

राजा आला. शिपायांच्या पहाऱ्यात एक मडकं दोन दिवस मंद आचेवर राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने तेवढाच कोळसा बारीक फोडून पातळ मडक्यात भरला आणि भात्याने जाळ फुलवला. दुपारपर्यंत घागर काठोकाठ भरली. मंद आचेची घागर मात्र निम्मीच होती.

राजाने दोन्ही मडकी फोडून भाजका कोळसा तोलला. मंद आचेचा टणक आणि वजनाला जास्त. मोठ्या जाळाचा हलका, जाळीदार, चिमटीत भुगा होणारा.

"मग मंद आचेचं डांबर गेलं कुठे?"

"कुठेच नाही, महाराज. मंद आचेवर धूर आतच रेंगाळतो, कोळशाला चिकटतो आणि कोळसाच होऊन बसतो. मोठ्या जाळात त्याला थांबायला फुरसत नाही, तो नळीने बाहेर पळतो."

"हे मला कुणी सांगितलं नाही," कारभारी पुटपुटला.

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि मीही आपणहून बोलले नाही, तेवढी चूक माझी."

राजाने हुकमाचा कागद तिथेच विस्तवात टाकला. लोहारांसाठी मंद आच, नावाड्यांसाठी मोठा जाळ, आणि आठ दिवस भाता ओढायला कारभारी.

आठवड्याभरात होड्या काळ्याभोर होऊन पाण्यात उतरल्या. एकीतही थेंब शिरला नाही. काठावर उभ्या भट्टीवालीने शेवटची होडी पाण्यात जाताना पाहिली आणि ती जेवायला घरी गेली.

तात्पर्य एवढंच: चोर शोधायला निघण्याआधी आपणच लावलेला विस्तव तपासावा.