साळूचा काकडीचा वेल

मुलांनो, ओढ्याकाठच्या एका जंगलात, खडकाच्या कपारीखाली एक साळू बिऱ्हाड थाटून होती. अंगभर लांब काटे असलेला हा प्राणी दिवसा झोपतो आणि अंधार पडला की कंदमुळे उकरायला निघतो. पण एकदा दरड कोसळून या साळूचा पुढचा पाय चेंगरला आणि तिचे उकरणेच बंद पडले. वाळक्या साली चावून ती कसेबसे दिवस काढू लागली. उन्हाळा तोंडावर आला होता. तोवर दाराशीच खायला काही उगवले नाही, तर आपले काही खरे नाही हे तिला कळून चुकले.

कपारीपुढे जागा ती केवढी! साळू वळली तरी तिचे काटे खडकाला घासत. पण तिथे वनभोजनाला आलेल्या माणसांनी टाकलेला एक काठ फुटलेला माठ होता, आणि त्यांनी खाल्लेल्या काकडीच्या बियाही पडलेल्या होत्या. साळूने धडक्या पायाने माठात माती ओढली, पालापाचोळा घातला आणि बिया पेरल्या. एक वेल तरारला, खडकावर चढला आणि पिवळ्या फुलांनी भरून गेला. आता साळूला नवीच धास्ती लागली. कोणी चोरले तर? आपलेच गळलेले काटे रोवून तिने माठाला कुंपण केले आणि झोप सोडून ती भर दिवसा राखणीला बसली. खार आली, तिला हाकलले. उंदीर आला, त्याला हाकलले. एक मधमाशी फुलाकडे वळली, तर साळूने काटे फुलवून असा खुळखुळाट केला की माशी बिचारी माघारी गेली. ती रोज येई आणि रोज हाकलली जाई.

इतकी चोख राखण, तरी फुले येत आणि गळून पडत. काही फुलांच्या मागे नखाएवढी काकडी दिसे, पण तीही पिवळी पडून गळे. साळूला काही कळेना. बेडकाला विचारले, तर तो म्हणाला पाणी कमी पडते. साळूने माठ तुडुंब भरला. कावळा म्हणाला पाणी फार झाले. घातलेले पाणी आता काढायचे कसे, हे मात्र त्याने सांगितले नाही. वानराने डोळे बारीक करून वेल न्याहाळला आणि हा तर भोपळा आहे, असे सांगून तो निघून गेला. झोपेविना साळूचे डोके इतके जड झाले होते की आपण खरेच भोपळा पेरला की काय, असे तिलाही वाटू लागले. पोटात आग पडलेली, डोळ्यांपुढे अंधारी, आणि कोणाचे खरे धरावे ते उमजेना.

शेवटी कावळा म्हणाला, "साळूताई, या वेलात काही राम नाही. उपटून टाक आणि मोकळी हो." साळूला रडू आले. तिने वेल बुडाशी दातात धरला. पण चावण्याआधीच तिचे डोळे मिटले, आणि माठाला डोके टेकून ती गाढ झोपली.

जाग आली तेव्हा ऊन चढले होते आणि मधमाशी एका फुलातून दुसऱ्या फुलात शिरत होती. तिच्या पायांना पिवळी पूड माखलेली होती. काटे फुलवायचेही त्राण साळूत उरले नव्हते.

"ने बाई, तूही ने. नाहीतरी इथे काही धरत नाही," ती म्हणाली.

"मी थोडा रस घेते, आणि या फुलाची पूड त्या फुलाला पोचवते. त्याशिवाय फळ धरेल कसे? तू एकदा तरी बोलू दिलेस का मला?" एवढे बोलून माशी उडून गेली.

एवढीशी पूड आणि त्यातून काकडी? साळूचा काही विश्वास बसेना. पण थोड्या दिवसांनी पाहते तो एक नखाएवढी काकडी पिवळी पडायची विसरली होती. ती बोटभर झाली, मग वीतभर. मागोमाग दुसरी धरली. पहिली काकडी साळूने कचकन चावली आणि पाणी हनुवटीवरून ओघळले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

उंदीर अजून घिरट्या घालत होता, म्हणून कुंपण तिने तसेच ठेवले. एवढ्यात कानाशी गुणगुण ऐकू आली. साळूचे काटे सवयीने ताठ झाले. मग तिने ते एकेक करून मिटून घेतले, माशीला वाट करून दिली आणि ती कपारीत झोपायला गेली.

तात्पर्य : राखण करावी, पण दाराशी आलेला कोण आहे हे विचारून घ्यावे. सगळ्यांनाच चोर समजणारा आपल्या उपयोगी पडणाऱ्यालाही हाकलून देतो.