अठराच्या भावात

"मग अठरा करू का, अण्णा? हो की नाही, एवढंच सांगा."

शिदूअण्णांनी मान वर केली नाही. ते रिठे फोडत बसले होते. एक रिठा, एक ठोका... पुन्हा एक रिठा.

विचारणारा सुदर्शन पिसाळ. गालिचे धुवायला अण्णांच्याच हाताखाली शिकला, आणि मग 'बादलीचे आणि रिठ्याचे दिवस गेले, अण्णा' असं त्यांच्याच तोंडावर म्हणून स्वतःची कंपनी काढली. छातीवर कंपनीचं नाव छापलेला शर्ट, फाटकाशी गाडी, गाडीत परदेशी मशीन. त्यानंतर बरेच दिवस साहेब इकडे फिरकले नव्हते. आज आले ते घाम पुसत.

माझी पिठाची गिरणी अण्णांच्या आवाराला लागून. वाईत वीज गेली की मला काम नसतं, मग मी इथे येऊन बसतो. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ऐकीव नाही.

वर महाबळेश्वरात हवा दमट. गालिचा तिथे धुतला तर वाळत नाही, कुबट वास मारतो. म्हणून हॉटेलांचे, बंगल्यांचे गालिचे घाट उतरून खाली उन्हात येतात. अशाच एका मोठ्या हॉटेलचं वर्षभराचं काम सुदर्शनला मिळत होतं. त्याचा दर चौरस फुटाला तीस रुपये. अण्णांचाही तोच. आता पुण्याची कुठलीशी कंपनी म्हणे अठराने करायला तयार झाली होती. हॉटेलचा मॅनेजर दुपारी फोन करणार होता. याने अठरा म्हटलं तर काम याचं, नाही तर पुण्याचं.

"काम गेलं तर मशीनचा हप्ता थकेल, अण्णा. दोन माणसं ठेवलीत... त्यांना काय सांगू?"

हे बोलताना त्याचा आवाज बारीक झाला. पोरगा जरा चढेल आहे, पण मला त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

"बोला ना, अण्णा."

"कर की अठरा," अण्णा म्हणाले. "कोण नको म्हणतंय?"

सुदर्शन बघतच राहिला. मीसुद्धा. अहो, हा माणूस भावाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नाही! गेल्या दिवाळीत एक बंगलेवाले 'काहीतरी कमी करा हो' म्हणाले, तर अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि गालिचा नीट गुंडाळून परत त्यांच्या गाडीत ठेवून दिला.

"खरंच करू?"

"कर. पण आधी अठराचा हात बसू दे."

अण्णा उठले. बुडाखालचा गालिचा त्यांनी ओढून काढला. रोजचा बसायचा, लोकरीचा, लाल अंगाचा आणि पांढऱ्या काठाचा. आता त्या काठाला पांढरा म्हणायचं तर धीर पाहिजे.

"हा धू. अठराच्या भावात."

"म्हणजे?"

"म्हणजे अठराच्या. तिसाचं काम केलंस तर एक पैसा मिळणार नाही."

मी हसलो. सुदर्शन हसला नाही. मशीन काढायला तो गाडीकडे वळला, आणि वीज नाही हे आठवून परत आला. मुकाट्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"बारा रुपये कमी होणार," अण्णा म्हणाले. "त्यात काय काय सोडणार?"

सुदर्शनने विचार केला. गाडीत बसूनच केलेला असणार, कारण उत्तर लगेच आलं.

"काठीने झाडणी सोडतो. सगळा वेळ तिथेच जातो. रंग तपासायचा सोडतो. आणि पाणी एकच. एका पाण्यात उरकायचं."

"झकास. बसतंय की अठरात!"

अण्णा पुन्हा रिठ्यांकडे वळले.

सुदर्शनने फरशीवर गालिचा अंथरला. हौदातून बादली भरली. उचलली. ओतायला वाकला...

आणि तसाच वाकून राहिला.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही."

त्याने बादली खाली ठेवली. गालिच्यावर तळहात टेकवला, थोडा दाबला. मग उठला, गालिचा उलटा केला, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि पाठीकडून बडवायला लागला. धूळ अशी उठली की मी चहाचा कप हाताने झाकला.

"हे अठरात येतं?" अण्णांनी विचारलं.

"नाही येत."

"मग?"

"आत माती आहे, अण्णा. पाणी टाकलं तर चिखल होऊन मुळाशी बसेल."

"बसू दे. वरून दिसतंय का कुणाला?"

काठी चालूच राहिली. लाल ढग विरून आवार स्वच्छ दिसायला लागलं, तेव्हाच थांबली.

"बरं, एक राहिलं," अण्णा म्हणाले. "बाकीची दोन तरी सोड."

"सोडतो."

बादली पुन्हा उचलली. पुन्हा थांबला. एकदा त्या लाल अंगाकडे बघितलं, एकदा पांढऱ्या काठाकडे. खिशातून रुमाल काढला, ओला केला, गालिच्याच्या कोपऱ्यावर दाबून धरला. रुमालाला लाल लागतंय का ते बघत उकिडवा बसून राहिला.

"आता हे काय?"

"रुमाल माझा आहे," सुदर्शन तोऱ्यात म्हणाला. "तुम्हाला काय त्याचं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिशीत हसू होतं, पण चेहरा मात्र सावकाराचा.

रंग सुटत नव्हता. मग धुणं सुरू झालं, आणि खरं सांगतो, मी चहा विसरलो. रिठ्याचा फेस, मऊ ब्रश, आणि हात कसा? लोकरीची लव जिकडे पडलेली तिकडेच जाणारा. कुठे जोर नाही, कुठे घाई नाही. तो छापील शर्ट भिजून पाठीला चिकटला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. मशीन विकत घेतलं म्हणून काय झालं? शिकलेलं सगळं त्याच्या बोटांत तसंच होतं. असं काम बघायला मिळालं की माणसाला बरं वाटतं.

मग पाणी. एक बादली, दुसरी, तिसरी. फरशीवरून गढूळ ओहोळ मोरीकडे निघाला.

"झालं," अण्णा उठून जवळ आले. "एक पाणी झालं. उचल आता."

"अजून गढूळ येतंय."

"येऊ दे. उचल."

"साबण आहे आत, अण्णा. साबण राहिला की धूळ धरून ठेवतो. महिन्याभरात पहिल्यापेक्षा काळा होईल."

"तर काय झालं? पुन्हा धुवायला तुझ्याकडेच येतील. धंदा वाढेल."

"अण्णा!"

"गढूळ पाण्याचे पैसे कोण देणार तुला? उचल म्हणतो ना!"

"नका देऊ!" सुदर्शन ओरडलाच. "कुणीच नका देऊ पैसे! पण हा असा मी उचलणार नाही! रोज बसता तुम्ही याच्यावर!"



गुरूवर ओरडलो हे त्याच्या लक्षात आलं असावं. कान लाल झाले. तो खाली मान घालून पुन्हा हौदाकडे गेला. अण्णा त्याला अडवायला गेले नाहीत. उलट, मी बघितलं, म्हाताऱ्याने दुसरी बादली भरून हौदाच्या काठावर तयार ठेवली.

दुसरं पाणी. तिसरं.

तेवढ्यात फोन वाजला.

हात ओले, म्हणून सुदर्शनने कोपराने फोन जवळ ओढला आणि एका बोटाने स्पीकर चालू केला. मॅनेजरचा आवाज सगळ्या आवारात घुमला.

"काय ठरलं, पिसाळ? अठरा ना? कागद तयार आहे. तुम्ही हो म्हणा, की लगेच सही करतो."

सुदर्शनने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी रिठ्यांची परात मांडीवर घेतली आणि मान फिरवली. तिकडून काही मिळणार नव्हतं.

मी मनात म्हटलं, म्हण बाबा हो. दोन माणसांचा तरी विचार कर.

"पिसाळ? ऐकताय ना?"

"ऐकतोय साहेब." सुदर्शनने एकदा आपल्या हातांकडे बघितलं. बोटं पाण्याने पांढरीफटक पडली होती. "साहेब... अठराचं काम मला येत नाही."

"येत नाही म्हणजे? पुण्याचे लोक करतायत ना!"

"त्यांना येत असेल. मला येत नाही. आत्ताच करून बघितलं."

"काय, डोकं फिरलंय का तुमचं? मी परत विचारणार नाही, सांगून ठेवतो. तीस म्हणजे तीसच?"

"तीस."

पलीकडून आणखी काहीतरी आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग फोन बंद झाला.

सुदर्शनने उरलेली बादली गालिच्यावर सावकाश ओतली. या वेळी मोरीकडे निघालेलं पाणी निवळशंख होतं. खालची फरशी, तिच्यातली भेग, सगळं दिसत होतं. पांढरा काठ खरंच पांढरा निघाला होता, लाल अंग उन्हात नुसतं उजळलं होतं. पोराचं एवढं मोठं नुकसान झालेलं, आणि मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या!

तो हौदाच्या काठावर येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"गेलं काम, अण्णा..."

अण्णांनी हातातला रिठा परातीत टाकला.

"कुणाचं? तुझं तर हे समोर आहे."